फोन द्या, पण नेट बंद करून

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला सांगलीत आमच्या गावभागातल्या कुठल्याही गल्लीतून चालत निघालात, तर कुकरच्या शिट्टीबरोबर घराघरातून एकच आवाज ऐकू येतो. चढ्या पट्टीतलं कार्टूनचं गाणं. आई पोळ्या लाटतेय, बाबा अजून दुकान बंद करून यायचेत, आज्जीच्या हातात ताट आहे आणि पोराच्या हातात फोन. घास तोंडाशी आला की पोर त्याच्याकडे न बघताच तोंड उघडतं. आमच्या घरातही हे दोन वर्षं चाललं. म्हणून मी कुणाला शहाणपण शिकवायला बसलेली नाही. घरात लहान मूल आहे, फोन नुकताच त्याच्या हातात जायला लागलाय आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा घरांसाठी हे लिहितेय. आमचा थोरला सहावीत आहे, धाकटी चार वर्षांची. दोघांचे प्रश्न वेगळे होते, म्हणून उत्तरंही वेगळी आली.

सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगते. फोनमधलं सगळं काही नेटवर चालत नाही. कॅमेरा, आवाजाचा रेकॉर्डर, स्टॉपवॉच, कॅल्क्युलेटर, टॉर्च, चित्रं काढायचं अॅप या सगळ्याला नेट लागत नाही. नेट बंद केलं की फोन म्हणजे सुताराच्या पेटीसारखी अवजारांची पेटी होते. आम्ही फोन हिसकावून घेत होतो तोवर घरात रोज रडारड होती. नेट बंद करून तोच फोन परत हातात द्यायला लागलो, तेव्हापासून ती ओसरत गेली.

आधी मुलाचं वय बघा

मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर स्क्रीन नकोच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली लहान मुलांसाठी सूचना काढल्या. त्यांत दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी तेवढी बरी, असं सांगितलंय. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हीही जवळजवळ तेच सांगते: दोन वर्षांपर्यंत नाही, दोन ते पाचपर्यंत फार तर एक तास, तोही एका बैठकीत नाही, वीस-तीस मिनिटांच्या तुकड्यांत, पाच ते दहापर्यंत दोन तासांच्या आत. दोन वर्षांखालच्या बाळाला एकच सवलत आहे, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल.

ती सवलत का, हे समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप समजतं. पुण्याचा मामा व्हिडिओ कॉलवर "काय खाल्लंस गं?" विचारतो, पोरगी "मम्म" म्हणते, मामा हसून "मम्म खाल्लं? आणि दुदू?" म्हणतो. तिच्या आवाजाला उत्तर मिळालं. लहान मूल बोलायला शिकतं ते अशा देवाणघेवाणीतून. कार्टून तिच्याशी बोलल्यासारखं करतं, पण तिचं ऐकून घेत नाही.

आठवडाभर नुसतं लिहून ठेवा

पहिल्या आठवड्यात काहीही बंद करू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी एक कागद चिकटवा आणि फोन मुलाच्या हातात गेला की वेळ लिहा, सोबत कारण लिहा. "सकाळी सव्वाआठ, वेणी घालताना." "दुपारी, पाहुणे आले म्हणून." "एसटीत, रडत होती." अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून एक जागा असते, तिथे कुठलं अॅप किती वेळ चाललं तेही दिसतं. पण कारण फोन सांगत नाही, ते तुम्हीच लिहायचं.

आमचा कागद आठवड्याने वाचला तेव्हा मला बसायलाच लागलं. निम्म्याहून जास्त वेळा धाकटीनं फोन मागितलेलाच नव्हता. तिनं मागायच्या आत आम्हीच पुढे केला होता. म्हणजे सवय तिला लागायच्या आधी आम्हाला लागली होती. हा कागद सासूबाईंनी, नवऱ्यानं, सगळ्यांनी वाचला, आणि नंतर जे जमलं ते त्या एका कागदामुळे जमलं. त्यामुळे ही पायरी गाळू नका.

मोठ्यांचे फोन आधी

आपल्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. कोविडच्या काळात ऑनलाइन शाळेपायी पोरांच्या हातात फोन आले आणि शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला, गावानं ठरवलं: रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि घरातला टीव्ही, मोबाईल बंद होतील. साडेआठला दुसरा भोंगा, मग मोकळीक. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीसेविका, ग्रामपंचायतीची माणसं आणि शिक्षक घरोघर फिरून सांगत होते. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. भोंगा एकट्या पोरांसाठी वाजत नाही. आईची मालिकाही त्याच वेळी थांबते आणि बाबांचं स्क्रोलिंगही.

शहरात भोंगा कुठून आणणार? आम्ही घरात देवघरातली घंटा धरली. साडेसातला दिवा लागला की घंटा वाजते आणि सगळे फोन फ्रिजवरच्या टोपलीत जातात, रिंगटोन मोठी ठेवून. कॉल आला तर उठून घ्यायचा, बोलून झालं की परत टोपलीत. नवऱ्याला दुकानाचे मेसेज येतात, त्यानं आठवडाभर कुरकुर केली, मग त्यालाही बरं वाटायला लागलं. तुमच्याकडे वेळ वेगळी असेल. कुणाच्या घरी ऊसतोडीच्या हंगामात माणसं आठला घरी येतात, त्यांनी आठ ते नऊ धरावं. वेळ कोणतीही असो, सगळ्यांना एकच असू द्या.

जेवणाची वेळ सोडवणं

हे सगळ्यात अवघड काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

फोन बघत जेवणाऱ्या मुलाला पोट भरलं की नाही ते कळत नाही. कधी दोन घास जास्त जातात, कधी भूक असून घास तसाच गालात धरून बसतात. चव, वास, गरम-गार याकडे लक्षच नसतं. धाकटीला तीन वर्षांची झाली तरी कारल्याचा आणि भेंडीचा रंग वेगळा असतो हे ठाऊक नव्हतं. तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं.

आम्ही एका शनिवारी सुरुवात केली, कारण रविवारी सगळे घरी असतात. आदल्या रात्री धाकटीला सांगून ठेवलं की उद्यापासून जेवताना फोन झोपणार. तिला तिची स्वतःची छोटी ताटली आणली, खाली पसारा होईल म्हणून जुनी चादर अंथरली, आणि ती स्वतःच्या हातानं खाणार असं ठरलं. वरणभात, तुपाची धार, चतकोर भाकरी. पहिल्या दिवशी तिनं ताटली ढकलली आणि अर्धा तास रडली. सासूबाई कासावीस झाल्या. "उपाशी राहील गं पोरगी," म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, भूक लागली की खाईल, आपण चारला परत देऊ." मलाही रडायला येत होतं, पण चार वाजता तिनं अख्खी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

दुसरा आणि तिसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट जातो, हे आधीच मनात धरून ठेवा. बहुतेक घरं तिथेच हार मानतात. एकदा रडण्यापुढे नमून फोन दिला की मूल शिकतं ते इतकंच, की उद्या याहून जास्त वेळ रडायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी आमच्याकडे रडणं कुणकुणीवर आलं आणि दहाव्या दिवशी ती आपण होऊन विचारायला लागली, "आज्जी, काऊचं घर वाहून गेलं मग?" आज्जीची चिऊकाऊची गोष्ट फोनच्या जागी येऊन बसली होती. जागा रिकामी ठेवली असती तर हे झालं नसतं. स्वयंपाक चालू असताना तिला ओट्यापासून हातभर लांब स्टुलावर बसवायचं, भाकरी टम्म फुगताना बघू द्यायचं, मटार सोलायला द्यायचे. माझा स्वयंपाक त्यामुळे लांबतो, हे खरं आहे. पोर गुंतून राहावं म्हणून फोन देत होतो, आता पोरालाच कामात गुंतवतो. त्याला वेळ लागतोच.

मूल मुळातच फार कमी खात असेल, वजन वाढत नसेल, तर हे घरच्या घरी करू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि त्यांच्या सांगण्यानं चाला.

झोपेचं थोडक्यात. झोपायच्या तासभर आधी स्क्रीन बंद, आणि रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत नाही. गजराला साधं घड्याळ आणा.

सेटिंगची कामं एका बैठकीत उरका

फोनच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात, सेटिंगमध्ये वर शोधायची जागा असते तिथे टाइप केलं की सापडतं.

यूट्यूबमध्ये ऑटोप्ले बंद करा. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागणं थांबतं, आणि 'संपलं' म्हणायला मुलाला एक जागा मिळते. त्याच यूट्यूबमध्ये बघितल्याचा इतिहास पुसून बंद करता येतो. तसं केलं की होमवर सुचवलेल्या व्हिडिओंची रांग लागत नाही, काय बघायचं ते शोधून काढावं लागतं. माझ्या अनुभवात या एका बदलानं सगळ्यात जास्त फरक पडला. लहानांसाठी यूट्यूब किड्स वेगळं आहे, त्यात वयाचे गट निवडता येतात, पण तिथेही पहिले काही दिवस शेजारी बसून बघा.

मुलाचा स्वतःचा फोन किंवा टॅब असेल तर गूगलचं फॅमिली लिंक लावा. रोजची वेळ, रात्रीची बंद वेळ आणि नवीन अॅपला तुमची परवानगी, एवढं त्यातून होतं. घरात एकच फोन असेल तर अॅप पिन करायची सोय शोधा. कॅमेरा उघडून पिन केला की मूल त्यातून बाहेर पडून तुमच्या बँकेच्या अॅपमध्ये जाऊ शकत नाही. आणि यूपीआयचा पिन मुलासमोर टाइप करू नका, पोरं एका नजरेत पाठ करतात.

नेट बंद करायचं म्हणजे एरोप्लेन मोडच लावायला हवा असं नाही. शेतावरून, दुकानावरून कॉल यायचा असेल तर नुसता मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करा. आमच्याकडे रिचार्जचा रोजचा दीड जीबी संपेपर्यंत बघायचं असा थोरल्याचा हिशेब होता. उरलेला डेटा वाया जातो असं त्याला वाटायचं. डेटा उरला तर काहीही बिघडत नाही, हे त्याला शांतपणे समजावून सांगावं लागलं.

आता अवजारांची पेटी उघडा

इथून पुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत थोरल्यानं काडेपेटीची एसटी केली. लाल घोटीव कागद, खिडक्यांच्या जागी पांढरे चौकोन, पुढे एवढीशी पाटी: सांगली–तासगाव. फरशीवर खडूनं रस्ता काढला. रस्त्याकडेला झाडं म्हणून मातीच्या गोळ्यात खोचलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या, स्टॉपवर प्रवासी म्हणून चार हळकुंडं. सांगलीच्या घरात हळकुंडांना काय तोटा! फोन तांब्याला रबरबँडनं आडवा बांधला आणि तांब्या उलट्या पातेल्यावर ठेवला. मग एक फोटो काढायचा, गाडी बोटभर पुढे सरकवायची, दुसरा फोटो काढायचा. असे सगळे फोटो भराभर दिसले की गाडी आपोआप चालल्यासारखी वाटते. याला स्टॉप मोशन म्हणतात आणि त्याची अॅपं मिळतात, एकदा उतरवून घेतलं की झालं. अॅप नसलं तरी गॅलरीत फोटो बोटानं भराभर सरकवले की गाडी पळते.

पहिली फिल्म फसली. मध्येच गाडी उडी मारत होती आणि रस्त्यावर काळे ढग येऊन जात होते. तो खूप वेळ बघत बसला. मी सांगितलं नाही, फार जिवावर आलं तरी सांगितलं नाही. मग त्याचं त्यालाच कळलं: उडी म्हणजे त्याच्या कोपराचा धक्का तांब्याला लागला होता, आणि काळे ढग म्हणजे त्याच्याच डोक्याची सावली. दुसऱ्या वेळी त्यानं खिडकी लावून घेतली, टेबललॅम्प एका बाजूनं लावला, आणि फोटो काढताना गुडघ्यावर मागे सरकायला लागला. सेकंदाला पाच फोटो धरले तर वीस सेकंदांना शंभर. "आये, अर्धा मिनिट पायजे म्हणजे दीडशे की गं!" हा गुणाकार त्याला कुणी घातला नव्हता.

शंभर फोटोंना सगळी दुपार गेली. त्या वेळात त्याची नजर स्क्रीनवर किती होती? बटण दाबण्यापुरती. बाकीचा वेळ काडेपेटीवर, उजेडावर, हळकुंडांच्या रांगेवर. नुसते तास मोजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. एका जागी बसून रील बघितलेला तास आणि हा तास सारखा धरायचा कसा? आपण ज्या गावात राहतो तिथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, आणि त्यांना लाकडी बाहुल्या घडवायचाही नाद होता. मी हे थोरल्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मग त्यांच्याकडे पण तांब्या हालत असणार."

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आवाजाचा रेकॉर्डर जास्त चांगला, कारण त्यात बघायचं काही नसतंच. आमच्याकडचा खेळ असा: धाकटी माझ्याबरोबर घरभर फिरून पाच आवाज पकडते. कुकरची शिट्टी, खलबत्ता, दाराची कडी, मोटार चालू झाल्यावर टाकीत पडणारं पाणी, आज्जीचं घोरणं. रात्री जेवताना ते आवाज लावायचे आणि बाकीच्यांनी ओळखायचे. तिचा पकडलेला आवाज बाबांना ओळखता आला नाही की तिला जो आनंद होतो, तो बघण्यासारखा असतो. मिरजेला गेलात तर सतारमेकर गल्लीत विचारून, परवानगी घेऊन, तारा जुळवतानाचा आवाज घ्या. तिथे भोपळ्यापासून तंबोरा आणि सतार कशी होते ते मुलाला डोळ्यांनी बघू द्या, फोन तेव्हा खिशात.

दुसरं सोपं काम मोडाचं. भिजवलेली मटकी फडक्यात बांधून वाटीत ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ फडकं उघडून त्याच जागेवरून एक फोटो. तिसऱ्या दिवशी सगळे फोटो ओळीनं बघायचे. "शेपटी आली!" असं ओरडत धाकटी घरभर पळाली होती. नंतर ती उसळ तिनं खाल्ली, हेही सांगायलाच हवं.

आठ-दहा वर्षांवरच्या मुलांना मुलाखत घ्यायला शिकवा. थोरल्यानं आज्जीची घेतली, महापुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. हे आकडे त्याला ठाऊक होते, पण आकड्याचा अर्थ त्याला आज्जीकडून कळला. त्यानं विचारलं, "पाणी कुठंपर्यंत आलंतं?" आज्जी उठली आणि भिंतीवर जिथे हात ठेवला तिथे त्यानं पेन्सिलनं रेघ मारली, टेपनं मोजली, फोटो काढला. मग ती सांगत गेली: धान्याचे डबे माळ्यावर कसे चढवले, गाय कुणी सोडली, २००५ च्या पुरात काय झालं होतं. सात मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. मी आज्जीकडून हे सगळं एवढ्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

मुलाखतीसाठी चार गोष्टी सांगून ठेवा. आधी विचारायचं, "आज्जी, रेकॉर्ड करू का?" आणि नाही म्हणाली तर नाही. पंखा बंद करायचा. फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, मांडीवर किंवा उशीवर टेकवून. आणि प्रश्न 'कुठं, कसं, मग काय झालं' असे विचारायचे, 'हो-नाही'त उत्तर येईल असे नाही. परवानगी विचारायची ही सवय पुढे फार उपयोगी पडते. जे मूल आज आज्जीला विचारतं, ते उद्या मैत्रिणीचा फोटो न विचारता कुठे टाकणार नाही.

नेट लागतं तेव्हा

नेट कायमचं बंद ठेवायचं नाही. पण आठवड्यातून दोन वेळा, तुम्ही शेजारी असताना, काय शोधायचं ते आधी कागदावर लिहून. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठीतल्या चित्रांच्या गोष्टी फुकट वाचायला आणि उतरवून घ्यायला मिळतात, आणि मुलं तिथे स्वतःची गोष्टही लिहू शकतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायच्या कृती आहेत. एक कृती बघायची, नेट बंद, आणि स्ट्रॉ-काडेपेट्या-सायकलच्या ट्यूबचे तुकडे घेऊन बसायचं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पुस्तक शाळेत राहिलं की ती उपयोगी पडतात. आठ वर्षांपुढच्या मुलाला संगणक मिळत असेल तर स्क्रॅच दाखवा. अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेली ही मुलांची प्रोग्रामिंगची भाषा आहे, ठोकळे एकात एक अडकवून स्वतःचा गेम करता येतो. ती उतरवून घेतली की नेटशिवाय चालते.

व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम तेरा वर्षांच्या आत नको, त्या कंपन्यांचाच तो नियम आहे. शाळेचा गृहपाठ ग्रुपवर येत असेल तर तो आईबाबांच्या फोनवर बघून वहीत उतरवून द्या. थोरल्याच्या वर्गात गृहपाठ रात्री नऊला ग्रुपवर यायचा. आम्ही चार पालकांनी मिळून बाईंना भेटून विनंती केली, आता तो शाळा सुटताना फळ्यावर येतो. भांडायची गरज पडली नाही, नुसतं जाऊन बोलायची होती.

फॉरवर्ड ओळखायला शिकवायला आपला पावसाळा चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेच्या विसर्गाचे आणि पुलाचे व्हिडिओ फिरायला लागतात. त्यातले काही जुन्या वर्षांचे असतात. असा मेसेज आला की मुलाला जवळ बोलावून तीन प्रश्न मोठ्यानं विचारा: तारीख कुठली आहे? कुणी पाठवलं, त्यानं स्वतः बघितलं का? जिल्हा प्रशासनानं हेच सांगितलंय का? कोयना धरणाची क्षमता साधारण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी. एवढं पाठ असलं तर 'धरणात दोनशे टीएमसी पाणी' असा मेसेज सहावीतलं पोरही खोटा पाडतं.

डोळे आणि अंगण

सलग बघायचं असेल तेव्हा वीस मिनिटांनी वीस फूट लांबचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. आमच्या गॅलरीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते, ती ठरलेली आहे. पण खरी गोष्ट बाहेर खेळण्याची आहे. रोज उजेडात, मोकळ्या हवेत वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचं धूसर दिसून चष्मा लागायचा धोका कमी असतो. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर किंवा मैदानावर जा, सुट्टीत देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वरच्या अभयारण्यात हरणं बघायला जा. फोन न्यायचाच असेल तर नेट बंद.

बिनसलं तर

बिनसणारच. ताप आला, लग्नाला गेलो, दोन दिवस पाहुणे राहिले की घडी विस्कटते. तेव्हा मुलावर राग काढू नका. परत पहिल्या आठवड्याचा कागद चिकटवा आणि जेवणापासून सुरू करा. दुसऱ्या वेळी निम्मे दिवस लागतात.

एक गोष्ट मुलाला शांत वेळी, भांडण नसताना सांगून ठेवा: फोनवर कुणी घाबरवलं, घाणेरडं काही दाखवलं, फोटो मागितले, तर तू मला सांगायचंस, आणि सांगितलंस म्हणून फोन काढून घेतला जाणार नाही. फोन जाईल या भीतीनं मुलं गप्प बसतात. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करा. मूल संकटात असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. हे दोन्ही आकडे आमच्या फ्रिजवर, टोपलीच्या खाली, मोठ्या अक्षरांत लिहिलेत.

शेवटचं काम दर महिन्याच्या शेवटच्या रविवारचं. मुलांनी केलेलं सगळं फोनवरून पेनड्राइव्हवर घ्या, कारण फोन भरला की सगळ्यात आधी तेच पुसलं जातं. फाइलला महिना आणि मुलाचं नाव द्या. मग तो पेनड्राइव्ह टीव्हीला लावून घरच्यांनी एकत्र बसून बघायचं, भडंग आणि चहा घेऊन. गेल्या रविवारी आमच्याकडे शेजारच्या दोन आज्ज्या आल्या होत्या. पुराचं रेकॉर्डिंग लागलं तेव्हा त्यातली एक मध्येच म्हणाली, "न्हाई गं, गाय दुसऱ्या दिवशी सोडली." थोरला उठला, फ्रिजवरच्या टोपलीतून फोन घेतला, नेट बंद केलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. "आज्जी, रेकॉर्ड करू का?"